बर्फातली सायकल आणि सोलापूरचं ऊन

एप्रिल लागला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, उन्हाळ्यापुरती सायकल बंद करू का?" विचारणारे बहुतेक जण अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात कामाला जाणारे. सायकल बंद म्हणजे रोजचं रिक्षाभाडं. त्यामुळे 'उन्हात फिरू नका' एवढं सांगून मला मोकळं होता येत नाही.

माझं मत असं: सायकल सोडू नका, दुपारचे १२ ते ४ टाळा. मात्र ते टाळणं एकट्या कामगाराच्या हातात नाही.

फिनलंडमध्ये औलू नावाचं शहर आहे. तिथे महिनोन् महिने बर्फ असतो, पारा शून्याच्या खाली २० अंशांपर्यंतही जातो, तरी लोक सायकलवर कामाला आणि मुलं शाळेत जातात. हिवाळ्यातल्या सायकलिंगवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये तिथेच भरली होती. ही माणसं काही वेगळ्या हाडामांसाची नाहीत. तिथली नगरपालिका सकाळी लोक बाहेर पडायच्या आत सायकलचे मुख्य रस्ते साफ करून ठेवते.

शरीराच्या बाजूने पाहिलं तर आपलं काम त्यांच्यापेक्षा अवघड आहे. पायडल मारताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा साधारण पाऊण हिस्सा उष्णता होऊन बाहेर पडतो. बर्फात ही उष्णता उपयोगी पडते. हातमोजे, कानटोपी आणि निसरड्या रस्त्यावर बेताचा वेग सांभाळला की बरंच काम भागतं. (दमेकऱ्यांना थंड हवेचा त्रास होतो, तो भाग वेगळा.) आपल्याकडे पारा ४२ वर गेला की बाहेरची हवा कातडीपेक्षा गरम असते. तेव्हा अंगावर येणारा वारा उलट तापवतो आणि शरीर थंड ठेवायला घाम एवढाच मार्ग उरतो. सोलापूरच्या कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो. सदरा कोरडा, म्हणून माणसाला वाटतं, 'आपल्याला कुठं घाम आलाय?' सदऱ्यावरचे मिठाचे पांढरे डाग बघा. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय.

खिशातला कांदा काही करत नाही. तो जेवणात खा.

दुसरी गोष्ट सवयीची. उन्हात काम करायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. गावाकडे लग्नकार्याला महिनाभर राहून आलेला माणूस पहिल्याच दिवशी भर दुपारी पूर्ण पाळीला निघतो, त्याची मला जास्त काळजी वाटते.

म्हणून कारखानदारांना सांगणं आहे: एप्रिल-मेमध्ये पाळी भर दुपारी बदलू नका. सकाळची पाळी लवकर सुरू करा, दुपारी सुटणाऱ्याला ऊन उतरेपर्यंत बसायला सावली आणि प्यायला पाणी द्या. महापालिकेने एमआयडीसीच्या रस्त्यावर झाडं आणि पाणपोया वाढवाव्यात. याला फार मोठा खर्च येत नाही. हे न करता नुसतं 'भरपूर पाणी प्या' म्हणणं मला अपुरं वाटतं.

सायकलवरून उतरलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला आणि अंग तापलेलं असेल, तर उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका. त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

आणि रक्तदाबाच्या किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर उन्हाळा चढायच्या आधी एकदा दाखवून जा. कधीकधी डोस बदलावा लागतो. तो स्वतःच्या मनाने बदलू नका.