किन्हीराजा ते प्रयोगशाळा: पीएचडीचं सहावं वर्ष कोण सांभाळणार?

वाशिम जिल्ह्यातल्या किन्हीराजासारख्या गावातून जैववैद्यकीय संशोधनात जायचं, तर आधी एमएस्सी, मग सीएसआयआर-यूजीसी नेटसारखी परीक्षा आणि त्यानंतर पुण्यातली एनसीसीएस किंवा एखादं विद्यापीठ. १ जानेवारी २०२३पासून कनिष्ठ संशोधन फेलोशिप दरमहा ३१ हजारांवरून ३७ हजार झाली. दोन वर्षांनी वरिष्ठ फेलोशिप मिळाली, की ४२ हजार.

मात्र ही फेलोशिप जास्तीत जास्त पाच वर्षं मिळते. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पीएचडीची कमाल मुदत सहा वर्षं आहे. पेशींवरचे प्रयोग फसतात, परवानग्या रखडतात आणि शेवटचं वर्ष बिनपैशाचं जाऊ शकतं. पुण्यात घर असलेला ते निभावून नेईल. घरी कोरडवाहू शेती असलेल्याला मात्र नोकरी शोधावी लागते. म्हणून रकमेइतकाच मुदतीचा प्रश्न महत्त्वाचा आहे.