साडीत नमाज होते का?

मागच्या पावसाळ्यात आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, हातावर सोयाबीनच्या निंदणाचे ओरखडे. नवऱ्यानं तलाक दिला म्हणून सांगून घराबाहेर काढलेलं, पोटगीचा पत्ता नाही. कोर्टात जाण्याआधी आपल्या लोकांत विचारून पाहावं म्हणून त्या जमातीच्या बैठकीत गेल्या होत्या. शरियतमध्ये माझाही काही हक्क असेल ना, एवढंच त्यांनी विचारलं. समोरून उत्तर आलं, "नमाज आती क्या? पहले नमाज सीख, फिर शरियत की बात कर." बैठक हसली. बाई उठून आल्या.

हे सांगताना त्या तलाकवर रडल्या नाहीत. रडल्या त्या नमाजेवर. कारण खरंच येत नव्हती.

"पंचवीस वर्षं मी ओठ हलवले, बाजी," त्या म्हणाल्या. शेजारची वाकली की वाकायचं, तिनं कपाळ टेकलं की आपण टेकायचं. लग्नाच्या वेळी सासरच्यांनी विचारलं होतं तेव्हा 'येते' म्हणून सांगितलेलं. मग ते खोटं जन्मभर सांभाळावं लागलं. लहानपणी मोहल्ल्यातली मुलं अरबी शिकायला आपांच्या घरी जात, तेव्हा ह्या धाकट्या भावाला कडेवर घेऊन आईबरोबर वावरात. मोठेपणी मुलांच्या रांगेत बसून अलिफ, बे म्हणायची लाज.

मैत्रिणींनो, मी स्वतः मराठी शाळेत शिकलेली. एम.एस.डब्ल्यू. केलं, पण नमाज नीट शिकले ती नोकरी लागल्यावर, तीही देवनागरीत छापलेल्या एका छोट्या पुस्तिकेवरून. त्यामुळे त्या बाईंची लाज मला परकी नव्हती. परकं वाटलं ते आमच्याच बैठकीत. मी प्रस्ताव ठेवला की केंद्रातर्फे नमाजेची ओळख करून देणारा एक वर्ग घेऊ या. एक जुनी सहकारी चटकन म्हणाली, "धर्मानंच बायका बांधल्या, आणि आता दोरी आपणच हातात द्यायची?"

तिच्या बोलण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. मी ज्या परंपरेतून कामाला आले तिची सुरुवातच मुळी 18 एप्रिल 1966 ला मुंबईत कौन्सिल हॉलवर हमीद दलवाईंनी काढलेल्या सात मुस्लिम बायकांच्या मोर्चापासून होते. 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. तोंडी तलाक, पोटगी, बहुपत्नीत्व हे प्रश्न या लोकांनी शिव्या खात लावून धरले. त्या चळवळीचं म्हणणं होतं की कायदा सगळ्यांना एक असावा, उपासना ज्याची त्यानं घरात करावी. मला ते आजही पटतं. पण एक गोष्ट आपल्याकडून सुटली. उपासना घरात ठेवली, आणि त्या घरात ती शिकवणार कोण, हे ठरवायचं काम दुसऱ्यांवर सोडलं. ज्या बाईला काहीच माहीत नाही तिला कुणीही धर्माच्या नावावर काहीही सांगू शकतो. दोरी तिच्या गळ्यात आधीपासूनच होती. गाठ कुठे आहे ते तिला कळावं, एवढंच आम्ही म्हणत होतो.

शेवटी असं ठरलं की केंद्राच्या नावानं नाही, पण बायका जमणार असतील तर कुणी अडवायचं नाही. वर्ग शुक्रवारी दुपारी ठेवला. पुरुष जुम्म्याला मशिदीत जातात, तेवढा तास अंगण बायकांचं. कारंजाकडच्या एक निवृत्त उर्दू शिक्षिका आपा शिकवायला तयार झाल्या. पहिल्या दिवशी अकरा जणी आल्या. सगळ्यात लहान एकोणीस वर्षांची, सगळ्यात मोठी साठीपुढची. दोन हिंदू शेजारणी भाजी निवडत कडेला बसल्या, त्यांना कुणी उठवलं नाही.

आपांनी अरबी काढलीच नाही. आधी म्हणाल्या, काय विचारायचं ते विचारा. आणि जे प्रश्न आले ते मी कुठल्याही शिबिरात ऐकले नव्हते. साडीत नमाज होते का? पाणी चार दिवसांनी येतं, पाच वेळा वजू कुठून करायचा? गुडघे वाकत नाहीत, त्याचं काय? वावरात मालकीण सोडत नाही. अल्लाला मराठी कळते का?

साडीत होते. चेहरा, पंजे आणि पावलं सोडून अंग आणि केस झाकलेले हवेत, कापड स्वच्छ हवं, बस्. पदर आखूड पडला तर वरून ओढणी घ्या. मोहल्ल्यात काही वर्षांपूर्वी कुणीतरी सांगून गेलं होतं की बुरख्याशिवाय नमाज कबूलच होत नाही, आणि दोन म्हाताऱ्यांनी तेव्हापासून सोडून दिली होती! वजूत चार गोष्टी सक्तीच्या: चेहरा धुणं, कोपरापर्यंत हात धुणं, ओला हात डोक्यावरून फिरवणं, घोट्यापर्यंत पाय धुणं. आपांनी एका तांब्यात सगळं करून दाखवलं. पैगंबर लीटरभराच्याही आत वजू करत, असं हदीसमध्ये आहे. पाणीच नसेल किंवा दुखण्यामुळे लावता येत नसेल, तर कोरड्या स्वच्छ मातीवर हात टेकून तयम्मुम. गुडघे दुखत असतील तर बसून, बसवत नसेल तर आडवं पडून इशाऱ्यानं. लांबच्या प्रवासात चार रकाती फर्ज असेल तिथे दोनच. एवढ्या सवलती आहेत हे ऐकून त्या साठीपुढच्या खाला चक्क रागावल्या. "मग मला आजवर फक्त दोजख का सांगितला?"

पाळीचा प्रश्न कुणी विचारेना, म्हणून आपांनीच काढला. त्या दिवसांत नमाज माफ आहे, नंतर भरूनही काढायची नाही. रमजानचे रोजे मात्र नंतर धरावे लागतात. कडेला बसलेली एक शेजारीण हसून म्हणाली, "तुमाले सुट्टी हाय, आमाले कोपरा हाय!" सगळ्या हसल्या, पण आपा हसल्या नाहीत. आपल्याही घरात कोपरा आहेच ना, त्या म्हणाल्या. लोणच्याला हात लावू नको, पाळण्याजवळ जाऊ नको, हे कुठून आलं? हजरत आयेशांना पाळी असताना पैगंबर त्यांच्या मांडीवर डोकं टेकून कुरआन पढत, हे हदीसमध्ये आहे. पुढच्या आठवड्यात एका सुनेनं लोणच्याच्या बरणीत हात घातला आणि घरात दोन दिवस अबोला झाला, असं मागून कळलं.

मग एक रकात. उभं राहायचं, ओणवं व्हायचं, सरळ व्हायचं, दोनदा कपाळ टेकायचं. फजरच्या दोन, जोहरच्या चार, असरच्या चार, मगरिबच्या तीन, इशाच्या चार, अशा दिवसाला सतरा फर्ज रकाती. बोटांवर मोजून दाखवल्यावर डोंगर उतरला. नियत मनातली असते, ती अरबीतच बोलावी लागत नाही. सूरह फातिहाच्या सात आयती रोज एक याप्रमाणे नाही, आठवड्याला एक, आणि आधी तिचा मराठी अर्थ. पाठ होईपर्यंत सुब्हानल्लाह, अल्हम्दुलिल्लाह म्हणत राहा, नव्यानं शिकणाऱ्याला तेवढं चालतं, असं आपांचं म्हणणं. नमाजेत अरबीच, पण नंतर हात वर करून जी दुआ मागायची ती मराठीत मागा, वऱ्हाडीत मागा.

उच्चारांवर मात्र त्या कडक. देवनागरीत घशातला क आणि साधा क एकच लिहिला जातो, आणि अरबीत एका 'कल्ब'चा अर्थ हृदय, दुसऱ्याचा कुत्रा. माझ्या पुस्तिकेवरच्या नमाजेत काय काय म्हणून झालं असेल, अल्लाच जाणे.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर सहकारी म्हणेल लपवलं. शिकलेल्यांपैकी एकीनं दोन महिन्यांत सुनेवर पाळत सुरू केली. फजरला उठली का, किती रकाती पढली? सून माझ्याकडे आली. आपण शिकवलेलं हत्यार असं उलटू शकतं. आपांनी त्या सासूला सगळ्यांसमोर विचारलं, तुझ्या सासूनं तुझी मोजली होती का? ती गप्प बसली, पण पाळत थांबली असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

न्यायालयांत बरंच काही घडलं आहे. हाजी अली दर्ग्यात आतपर्यंत जायला बायकांना बंदी झाली, तेव्हा भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ साफिया नियाज आणि झकिया सोमन मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. 26 ऑगस्ट 2016 ला निकाल त्यांच्या बाजूनं लागला. 2019 मध्ये पुण्याच्या एका जोडप्यानं मशीदप्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यावर ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं 2020 मध्ये लिहून दिलं की बाईला मशिदीत जाऊन नमाज पढायची मुभा आहे, जुम्म्याची जमात तिच्यावर सक्तीची नाही इतकंच. बोर्ड म्हणजे काही आपल्या चळवळीची संघटना नव्हे! तरी ही गोष्ट मालेगाव, रिसोड, मंगरूळपीरच्या किती बायकांना माहीत आहे? मंगरूळपीर या गावाच्या नावातच पीर आहे. दर्ग्यावर चादर घेऊन जायला बाईला चालतं, नवस तिनंच बोलायचा, तिनंच फेडायचा. मशीद आली की ती रस्त्यावरून पदर सावरत पुढे जाते.

आमच्या अकरापैकी चौघी एका मशिदीच्या विश्वस्तांकडे गेल्या. बायकांसाठी एक कोपरा द्या, पडदा आम्ही आणू. नाही म्हणाले नाहीत. वजूची वेगळी सोय नाही म्हणाले. खालांनी पिशवीतून तांब्या काढून दाखवला. पुढच्या बैठकीत पाहू, असं उत्तर मिळालं. त्यानंतर त्यांच्या दोन बैठका झाल्या.

पोटगीसाठी आलेल्या त्या बाईंचं काय झालं, हे तुम्ही विचाराल. नमाज शिकून पोटगी मिळत नाही, मिळूही नये. तो हक्क पढणारीचा तसा न पढणारीचाही. 10 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा स्पष्ट केलं की तलाक झालेली मुस्लिम बाई सगळ्यांसाठी असलेल्या पोटगीच्या कायद्याखाली दाद मागू शकते. त्याप्रमाणे आम्ही वाशिमला अर्ज केला आहे, तारखा चालू आहेत. पण त्याआधी त्या एकदा पुन्हा जमातीच्या बैठकीत गेल्या. मी दाराशी होते. त्यांनी फातिहा म्हणून दाखवली नाही. नमाज येते की नाही हे अल्ला विचारेल, तुम्ही मेहेर आणि पोटगीचं बोला, असं त्या म्हणाल्या. या वेळी कुणी हसलं नाही. निर्णयही झाला नाही.

सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत मी त्यांना शोधत वावरात गेले होते, अर्जावर सही राहिली होती. असरची वेळ झाली होती. त्या धुऱ्यावर ओढणी अंथरून उभ्या होत्या, तांब्या बाजूला. शेजारच्या पातीवरच्या दोघी, एक बौद्ध वाड्यातली, एक बंजारा तांड्यावरची, न बोलता त्यांची पात पुढे ओढत होत्या. सलाम फिरवून त्या परत आल्या, विळा उचलला आणि म्हणाल्या, "उद्या हिची पोरगी दवाखान्यात न्यायची आहे, हिची पात मी ओढीन." मग सहीसाठी हात लुगड्याला पुसला.