चोविसाव्या लेण्यातलं अर्धं काम

नवख्याने आधी वर्षभर नुसतं बघावं, कामाला हात लावू नये, असं एका गृहस्थांनी परवा व्याख्यानात ठणकावलं. दाखला अजिंठ्याचा. दगड परत जोडता येत नाही, म्हणून तिथे चुकीला जागा नव्हती. कारखान्यात, कचेरीत तरी ती का असावी? टाळ्या पडल्या.

गृहस्थ पहिलं आणि सतरावं लेणं पाहून परतले असावेत. चोविसावं लेणं अपुरं राहिलंय, म्हणूनच कामाची रीत तिथे उघडी दिसते. छताकडून खाली उतरत कुदळीने लांब बोळ खोदायचे, मग मधल्या भिंती फोडायच्या. खांब काही नुसते ठोकळे, काही घडवायला घेतलेले. विहारातला बहुतेक दगड काढून टाकायचाच होता; त्यावर घाव तिरका बसला तर काय बिघडत होतं? जपायचा तो शेवटचा पृष्ठभाग, आणि तो मुरलेल्या हाताचा. एवढ्या लेण्यांना पुरतील इतके कारागीर बघून बघून तयार झाले, हे मला मुळीच पटत नाही. चौथ्या लेण्यात छत ढासळल्यावर ते आणखी वर खोदून घेतलं, असं अभ्यासक सांगतात. चित्रंही ओल्या चुन्यावरची नाहीत. कोरड्या पृष्ठभागावर आधी रेषा, मग रंग, त्यामुळे दुरुस्तीला वाव होता.

चुकांनी माल वाया जातो म्हणे. अडाणी ठेवलेल्या माणसाच्या हातून तो जन्मभर जातो.

तज्ज्ञच काय ते निर्धोक, हाही जुनाच हट्ट. 1920 च्या सुमारास इटलीहून अजिंठ्याला आणलेल्या तज्ज्ञांनी सुटता गिलावा वाचवला, हे खरं. पण त्यांनी मूळ चित्रांवर चढवलेलं शेलॅकचं वार्निश पुढे पिवळं पडलं. प्रश्न हात नवा की जुना हा नाही, चूक कशावर होते हा आहे.

जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले पेस्तनजी बोमनजींसारखे विद्यार्थी अजिंठ्याला आणून चित्रांच्या नकला करवून घेतल्या. रेष चुकली तर कॅनव्हासवर चुकत होती, भिंतीवर नाही. वाळूजच्या कारखान्यांतही हेच व्हावं. नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात लेथ द्या, शेजारी जुना कामगार उभा करा आणि सळई भंगारातली घ्या. माप चुकलं तर ती भंगारातच परत जाईल.