कार्ल्याच्या पायऱ्या आणि गोळ्यांची पुडी

सहल म्हणजे उधळपट्टी, असं वस्तीत अजून म्हणतात. मला पटत नाही. गेल्या रविवारी आम्ही दहाजणी भाकरी-ठेचा बांधून पुण्याहून लोकलने मळवलीला उतरलो, कार्ल्याची लेणी चढलो. साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या! शुगर असलेल्या एक मावशी चारदा बसल्या, पण चैत्यगृहात पोचल्या. दोन हजार वर्षांच्या त्या लाकडी कमानी बघत म्हणाल्या, "लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतःसाठी बाहेर पडले."

बायांनो, संडास मिळणार नाही म्हणून तुम्ही पाणी पीत नाही, बीपीची गोळीही घरीच ठेवता. मग लघवीला जळजळ होते, बीपी चढतं. पाणी, गोळ्या सोबत घ्या. शुगरवाल्यांनी खडीसाखरही ठेवावी, चढताना घाम फुटून थरथरलं तर लगेच तोंडात टाकायला.

रात्री मावशींना सुनेने चहा करून दिला. एरवी त्याच सगळ्यांना करून देतात.