‘स्वतःच्या जबाबदारीवर’ म्हणजे कोणाच्या?



आवणीच्या दिवसांत सरकारी दवाखान्याच्या कागदावर एक वाक्य सारखं दिसतं, ‘नातेवाईक पेशंटला स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन गेले.’ खाली आईचा अंगठा. पोर मेलं की साहेब लोक बोलायला मोकळे: आदिवासी अडाणी, भगताकडं पळतात, उपचार पुरा करत नाहीत. १९९२ साली वावर-वांगणीला पोरं मेली. त्यानंतर कुपोषणावर कागदांचे ढीग झाले, हे वाक्य मात्र गेलं नाही.

उपचार पुरा म्हणजे किती, हे आईला कोणी सांगतं का? न्युमोनिया गंभीर झाला की नुसत्या गोळीवर भागत नाही. ॲम्पिसिलीनची सुई दर सहा तासांनी, म्हणजे रात्री बारालाही आणि पहाटे सहालाही. सोबत जेंटामायसीन दिवसातून एकदा. कमीत कमी पाच दिवस. तान्ह्या पोराच्या रक्तात जंतू गेले तर सात ते दहा दिवस, मेंदूच्या आवरणाला सूज आली तर दोन-तीन आठवडे. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, पोर अंगावर प्यायला लागतं. आईला वाटतं बरं झालं. पण जंतू मेलेले नसतात, ते परत उठतात. एवढं दोन वाक्यांत सांगायला कोणती डिग्री लागते?

औषध वजनावर द्यायचं असतं. जेंटामायसीन जास्त झालं तर किडनी आणि कान जातात, कमी झालं तर जंतू मरत नाहीत. म्हणून काट्यावर न ठेवता अंदाजानं सुई टोचली तर आपण विचारायचंच. आणि खूप सुकलेल्या पोराला आत जंतू असूनही ताप येत नाही. अंग गार लागतं. ‘ताप नाही, घरी न्या’ असं कोणी म्हणालं तर उठायचं नाही. अशा पोराला दाखल करून जंतूंचं औषध द्यायचंच असतं, ही जागतिक आरोग्य संघटनेची रीत आहे.

आता आई का उठते ते बघा. औषध संपलं म्हणून बाहेरची चिठ्ठी हातात देतात. पैसे सावकाराकडून. घरी दुसरी पोरं उपाशी, इकडं रोप पिवळं पडतंय. प्लॉट पडीक दिसला की फॉरेस्टवाला लगेच म्हणणार, बघा, कसतच नाहीत. नवसंजीवन योजनेत आईबापाला बुडीत मजुरी आहे, जेवण आहे. किती जणांना मिळाली? हात वर करा!

आपल्या आज्यांनी सावकाराच्या कागदावर असाच अंगठा दिला होता. वाचून कोणी दाखवलं नाही आणि जमीन गेली. ती परत मिळवायला १९७४ चा कायदा करावा लागला. पोर परत मिळवायचा कायदा कुठे आहे?

आणि अडाणीपणाचं म्हणाल तर गडचिरोलीला बघा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना तयार केलं. त्या बाळाचं वजन करतात, जंतुदोष ओळखतात, जेंटामायसीनची सुई वेळेवर देतात. तिथं नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ मध्ये हे जगातल्या मोठ्या डॉक्टरी मासिकात छापून आलं. झोपडीत जे जमतं ते खाटा, लाईट, पगार असलेल्या दवाखान्यात का जमू नये? (रात्री बाराच्या सुईला सिस्टर एकटी असते, चाळीस पेशंटला, हे आम्हाला दिसतं. तिच्याशी आमचं भांडण नाही. रिकाम्या जागा भरत नाहीत त्यांच्याशी आहे.)

म्हणून पाड्यापाड्यात ठरवा. ज्या घरचं पोर दाखल आहे त्यांची आवणी आधी, बाकीच्यांची मागून. एक पोरगा किंवा पोरगी आईसोबत दवाखान्यात बसेल, सुईची वेळ वहीत लिहील. बुडीत मजुरी लेखी मागा. ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असा कागद पुढं आला तर कार्यकर्ता येईपर्यंत अंगठा द्यायचा नाही. केसपेपर आणि बाहेरच्या चिठ्ठ्या चुलीत घालू नका. तहसीलवर प्लॉटचे अर्ज घेऊन जाऊ, तेव्हा त्याच गाठोड्यात या पण न्यायच्या आहेत.