माबिनींचे पाय आणि माबिनींची अक्षरे

फिलिपिन्सच्या क्रांतीचा मेंदू म्हणून ज्यांचा उल्लेख होतो, त्या अपोलिनारिओ माबिनी यांना त्यांच्या देशाने ‘उदात्त पांगळा’ हे बिरूद बहाल केले आहे. शालेय पुस्तकांत आणि स्मरणलेखांत ते अभिमानाने मिरवले जाते. आम्ही मात्र या बिरुदाला गौरव मानावयास तयार नाही. एका विचारवंताचे लेखन न वाचता त्याला नमस्कार करण्याची ती एक सभ्य सोय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

माबिनींचा जन्म १८६४ साली बातांगास प्रांतातील तानावान येथे, गरीब घरात झाला. सांतो तोमास विद्यापीठातून १८९४ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली. १८९६ च्या आरंभी आजाराने त्यांचे दोन्ही पाय गेले. त्याच वर्षी क्रांतीचा भडका उडाला आणि स्पॅनिश सरकारने या अपंग वकिलालाही कैद केले. १८९८ मध्ये एमिलिओ आगिनाल्डोंनी त्यांना सल्लागार म्हणून बोलावून घेतले, तेव्हा त्यांना झोळीतून वाहून न्यावे लागले. चित्रकारांना ही झोळी फार आवडते. झोळीतून उतरल्यावर या माणसाने काय केले, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

त्यांनी काय केले ते पाहा. १२ जून १८९८ रोजी कावित येथे वाचल्या गेलेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात नव्या राष्ट्राला अमेरिकेच्या संरक्षणाखाली ठेवणारी वाक्ये होती. माबिनींनी त्यांना हरकत घेतली. स्वातंत्र्याची घोषणा एका सेनानीच्या मर्जीवर उभी राहू नये, तिला गावोगावच्या निवडलेल्या प्रतिनिधींची संमती हवी, असा त्यांचा आग्रह होता. त्यानुसार १ ऑगस्ट रोजी बाकोर येथे नगरप्रमुखांनी सुधारित घोषणेला मान्यता दिली. त्याच वर्षीच्या आपल्या ‘खऱ्या दशाज्ञां’मध्ये, स्वतः आणि देशबांधवांनी निवडून न दिलेल्या कोणाचीही सत्ता मानू नये, असे त्यांनी बजावले. सत्तेचा उगम संमतीत असतो हा त्यांच्या राजकारणाचा गाभा होय. त्याचा त्यांच्या पायांशी काडीमात्र संबंध नाही.

आता या गौरवाची दुसरी बाजू पाहू. माबिनींचे पांगळेपण उपदंशामुळे आले, अशी कुजबुज दीर्घकाळ चालत राहिली. १९८० साली त्यांच्या अस्थी उकरून तपासण्यात आल्या आणि कारण पोलिओ असल्याचा निष्कर्ष निघाला. तरीही १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पो-ऑन’ या कादंबरीत फ्रान्सिस्को सिओनिल होसे यांनी ती कुजबुज खरी धरून कथानक रचले. तपासणीची वार्ता त्यांच्यापर्यंत उशिरा पोचली होती. पुढील आवृत्त्यांत त्यांनी चूक दुरुस्त केली, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभणारेच आहे.

यावर ‘कादंबरीकाराचे स्वातंत्र्य’ हे ठेवणीतले उत्तर दिले जाईल. ते स्वातंत्र्य आम्हालाही मान्य आहे. इतिहास जेथे मुका होतो तेथे कल्पनेने बोलावे. परंतु खऱ्या नावाच्या माणसावर ऐकीव रोग लादून त्यातून त्याच्या शीलाचा अर्थ काढणे, ही कल्पना नव्हे, ती चहाडी होय.

मात्र आमचा मुख्य आक्षेप याही पलीकडचा आहे. पोलिओचा निष्कर्ष हाती येताच चाहत्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. का? उपदंश सिद्ध झाला असता तर बाकोरची घोषणा खोटी ठरली असती काय? अस्थींच्या साक्षीने ‘निर्दोष’ ठरल्याचा आनंद मानणे म्हणजे निंदकाचेच तर्कशास्त्र स्वीकारणे होय. निंदा करणारा आणि वंदन करणारा, दोघेही शरीरच वाचतात. ग्रंथ दोघांनीही मिटलेलाच ठेवलेला असतो. २०१५ साली सेनापती लुना यांच्यावरील चित्रपट पाहून काही तरुणांनी विचारले, की यातले माबिनी सारखे बसलेलेच का असतात? या प्रश्नावर पुष्कळ हसणे झाले. वस्तुतः बिरुदाच्या आधाराने टिकवलेली आठवण कशी विझते, याचा तो पुरावा होता.

माबिनींचा खरा ग्रंथ म्हणजे ‘फिलिपिन्सची क्रांती’. जानेवारी १८९९ मध्ये ते प्रजासत्ताकाचे पहिले पंतप्रधान झाले. अमेरिकेशी युद्ध पेटल्यानंतर, मे महिन्यात, स्वायत्ततेच्या तडजोडीला अनुकूल असलेल्या पेद्रो पातेर्नो यांनी त्यांची जागा घेतली. डिसेंबरात अमेरिकनांनी त्यांना पकडले, पुढे सोडले आणि १९०१ मध्ये ग्वाम बेटावर हद्दपार केले. तेथे लिहिलेल्या या ग्रंथात पराभवाचे सारे खापर त्यांनी शत्रूवर फोडले नाही. क्रांतीचे नेतृत्व चुकीचे होते, असे ते म्हणतात. आंद्रेस बोनिफासिओंचा १८९७ मधील देहदंड आणि अंतोनिओ लुनांची १८९९ मधील हत्या यांसाठी ते आपल्याच माजी प्रमुखाला, आगिनाल्डोंना, जबाबदार धरतात. पराभूत राष्ट्राला आपल्या नेत्याची मूर्ती हवी असते. माबिनींनी मूर्ती नाकारून हिशेब मांडला. असा माणूस अवघड वाटतो, म्हणूनच त्याला ‘उदात्त’ म्हणून बाजूला बसवणे सोपे जाते.

त्यांनी १९०३ मध्ये अमेरिकेशी निष्ठेची शपथ घेतली, याचा टीकाकारांना संकोच वाटतो. दोन वर्षे ती नाकारल्यानंतर ते शपथ घेऊन फेब्रुवारीत मनिलाला परतले आणि १३ मे रोजी पटकीने वारले. वय अवघे अडतीस. वासाहतिक काळातील माणसांना ‘हुतात्मा’ आणि ‘फितूर’ या दोनच कप्प्यांत कोंबणाऱ्या समीक्षेला ही शपथ पचत नाही. आम्हाला ती ग्रंथाशेजारी ठेवून वाचावीशी वाटते. परतण्यासाठी त्यांनी शपथ दिली; पण लिहिलेला हिशेब मागे घेतला नाही.

असो. साहित्याच्या विद्यार्थ्यांकडे आणि अध्यापकांकडे आमचे मागणे फार मोठे नाही. माबिनी शिकताना ते बिरूद खोडावे आणि त्यांचा ग्रंथ उघडावा. झोळी वाहणाऱ्यांनी आपले काम १८९८ मध्येच केले आहे. वाचणाऱ्यांचे काम अद्याप बाकी आहे.