लपलेले, पण कोणापासून? चित्रकथेतील संदर्भ आणि मराठी समीक्षा

चित्रकथेच्या चौकटीत दडवलेले संदर्भ, चित्रपटांचे व जाहिरातींचे उल्लेख आणि चित्रकारांचे आपापसातील विनोद हुडकून त्यांची सूची करणे, हा पाश्चात्त्य चित्रकथा-समीक्षेतील एक प्रतिष्ठित व्यवहार झाला आहे. 'द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन' या चित्रकथेवर जेस नेव्हिन्स यांनी लिहिलेल्या टीपांचे स्वतंत्र पुस्तकच २००३ साली निघाले. अशा परिश्रमाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. मात्र या व्यवहारात वाचकाविषयीचा एक सिद्धांत गृहीत धरलेला असतो : संदर्भ जितका दुर्गम, तितकी संहिता समृद्ध, तो ओळखणारा वाचक अधिकारी आणि न ओळखणारा वंचित. हा सिद्धांत मराठीत जसाच्या तसा उचलला, की पुढचा निष्कर्ष आपोआप येतो. मराठी चित्रकथेत असे काही दडलेलेच नाही, सबब तिच्यात वाचण्यासारखेही काही नाही.

हा निष्कर्ष चुकीचा आहे, कारण त्यामागील सिद्धांतच चुकीचा आहे. ज्या कृतींच्या आधारे तो मांडला जातो, त्याही त्याला दुजोरा देत नाहीत. 'ॲस्टेरिक्स'मधील वारंवार बुडणारे चाचे हे 'बार्ब-रूज' या चित्रमालिकेचे विडंबन आहे आणि ती मालिका त्याच 'पिलोत' साप्ताहिकात प्रसिद्ध होत होती. वाचकाला मूळ आणि विडंबन एकाच अंकात मिळत होते. हा विनोद गुपितावर नव्हे, तर सामायिक स्मृतीवर उभा होता. पन्नास वर्षांनंतर दुसऱ्या भाषेत वाचणाऱ्या अभ्यासकाला तो 'दडलेला' वाटतो, तेव्हा तो कृतीचा गुण नसून अभ्यासकाचे अंतर असते. आंतरसंहितात्मकता आणि कोडे यांतील भेद येथेच पुसला जातो.

आता मराठी उदाहरण घ्यावे. 'इंद्रजाल कॉमिक्स' १९६४ ते १९९० या काळात मुंबईहून निघत होती आणि तिची मराठी आवृत्तीही होती. ली फॉक यांचा १९३६ सालचा 'फँटम' तीत 'वेताळ' झाला. रूढ मत असे, की भाषांतरात संदर्भ हरवतात. येथे मात्र मुळात नसलेला संदर्भ भाषांतराने निर्माण केला. गावाबाहेर ठाण मांडून बसणारा, रात्री फेरीला निघणारा, भुतांचा अधिपती आणि तरीही गावाचा रक्षक अशी वेताळाची प्रतिमा मराठी वाचकाच्या मनात आधीच होती. पुण्यात तर त्याच्या नावाची टेकडीच आहे. न मरणारा, रानात फिरणारा, कवटीची खूण उमटवणारा हा परदेशी नायक या एका नावामुळे ग्रामदैवतांच्या पंक्तीला बसला. मूळ लेखकाला ज्याची कल्पनाही नसेल अशी ही गंमत अनुवादक आणि वाचक यांच्यातच घडली. तिची नोंद कोणत्याही सूचीत होत नाही, कारण सूची मूळ लेखकाच्या हेतूपाशी थांबते.

याच प्रकाशनात खरोखर लपवलेले असे काही होते, पण ते वेगळ्या जातीचे. मूळ मालिकेतील 'बंगाला' हा देश येथे 'डेंकाली' झाला, 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' झाले आणि वेताळाच्या पित्याचा मारेकरी 'रामा' हा 'रामलू' झाला. भारतीय वाचकाच्या भावना दुखावू नयेत, हाच हेतू यामागे दिसतो. परिणाम असा, की वसाहतवादी कल्पनेने पूर्वेकडचा माणूस कसा रेखाटला होता याचा पुरावाच त्या पूर्वेकडच्या वाचकापासून दूर झाला. चौकटीच्या कोपऱ्यातील विनोद हुडकणाऱ्या समीक्षेला या खोडलेल्या अक्षरांचे कुतूहल वाटू नये, हे तिच्या मर्यादेचे निदर्शक आहे.

सामायिक स्मृतीचा तिसरा प्रकार सर्वांत उघड, म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित आहे. १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या 'अमर चित्र कथा'वर रविवर्म्याच्या शिळामुद्रित चित्रांचा ठसा आहे, हे नंदिनी चंद्रा व कार्लीन मॅक्लेन यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवले आहे. रविवर्म्याचा मुद्रणालय मुंबईहून ज्या मळवलीला हलला, ती लोणावळा-पुणे लोहमार्गावर चिंचवड-पिंपरीच्या काही स्थानके अलीकडे आहे. त्याच परिसरात देहू आहे आणि पालखीचा मुक्काम आकुर्डीस पडतो. 'प्रभात'च्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम'नंतर विष्णुपंत पागनीसांचा चेहरा लोकमानसात तुकारामांचा चेहरा म्हणून रुजला. यापुढे तुकाराम रेखाटणाऱ्या कोणत्याही चित्रकाराला तो चेहरा स्वीकारावा तरी लागतो किंवा टाळावा तरी लागतो. दोन्ही कृती संदर्भच आहेत. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स आल्यानंतर पिंपरीपासून पुढे चाकणपर्यंत वाढत गेलेल्या औद्योगिक पट्ट्यात नाना जिल्ह्यांतून आलेली कामगार कुटुंबे राहतात. तेथील वाचकाला हा संदर्भ समजावून द्यावा लागत नाही. तो दिनदर्शिकेतून, चित्रपटातून आणि दिंडीतून त्याच्यापर्यंत पोचलेला असतो. सर्वांना कळतो म्हणून तो संदर्भच नव्हे, असे म्हणणे म्हणजे ज्ञानाला मक्तेदारीची अट घालणे होय.

मर्ढेकरांच्या एका ओळीतील संतकाव्याचा पडसाद शोधण्यासाठी मराठी समीक्षा पाने खर्ची घालते आणि ते योग्यच आहे. तोच पडसाद स्वस्त कागदावरील रंगीत चौकटीत उमटला, की त्याला 'बालवाङ्मय' म्हणून बाजूला सारले जाते. या दुजाभावावर परदेशी सूचीचे अनुकरण हा उपाय नाही. इंद्रजालच्या मराठी आवृत्तीचे अंक मिळवून इंग्रजी पाठाशी त्यांची शब्दशः तुलना करणे, त्यांच्या अनुवादकांची नावे नोंदवणे आणि ते वाचणाऱ्यांच्या स्मृती जमवणे, ही कामे आधी व्हायला हवीत. तो कागद टिकाऊ नव्हता आणि ते वाचक आता वृद्धत्वाकडे झुकले आहेत. चौकटीत काय दडले आहे, हा प्रश्न त्यानंतर विचारला तरी चालेल. कोणी, कोणापासून आणि कशासाठी दडवले, हा प्रश्न मात्र थांबू शकत नाही.